ब्लू बॉटलचा डंख आणि बॉक्स जेलीफिशचा डंख: दोन्हींवर उपाय एकच नाही

प्रश्न असा आहे: गणपतीच्या सुट्टीत आठ आणि तेरा वर्षांच्या मुलांना घेऊन अलिबाग-नागावला जायचं आहे, आणि नाताळात थायलंडच्या को समुई बेटावर. जेलीफिशच्या बातम्या वाचून घरात धास्ती बसली आहे. कोणी व्हिनेगर न्यायला सांगतं, कोणी लिंबू चोळायला, कोणी तर डंखावर लघवी करायला. नक्की काय करायचं, आणि मुलांना पाण्यात उतरवायचं की नाही?

नागावला आणि को समुईला एकच उत्तर लागू होत नाही, हे आधी लक्षात घ्या. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर जे बहुतेक डंख होतात ते ब्लू बॉटलचे. दुखतं भयंकर, पण जिवावर सहसा बेतत नाही, आणि त्यावरचा खरा उपाय गरम पाणी. थायलंडच्या आखातात बॉक्स जेलीफिश आहेत. त्यांच्या मोठ्या डंखाने माणूस काही मिनिटांत दगावू शकतो, आणि तिथे हाताशी हवं व्हिनेगर. सगळा गोंधळ होतो तो एकीकडचा उपाय दुसरीकडे लावल्यामुळे.

आधी आपल्याकडचं. ब्लू बॉटल ही खरं तर जेलीफिश नाहीच. तिचं शास्त्रीय नाव फायसेलिया. एकमेकांना चिकटून राहणाऱ्या आणि कामं वाटून घेतलेल्या अनेक जीवांची ती वसाहत आहे: कोणी तरंगतो, कोणी शिकार धरतो, कोणी पचवतो, कोणी प्रजनन करतो. वर दिसतो तो निळसर, काचेसारखा फुगा, बोटभर लांबीचा, शेंगेसारखा. त्याच्या कडेला जांभळट-गुलाबी झाक असते. खाली निळे धागे लोंबतात, आणि त्यातला मुख्य धागा ताणला की कित्येक मीटर लांब होतो. फुगा तुमच्यापासून चार हातांवर असला तरी धागा तुमच्या पोटरीला गुंडाळलेला असू शकतो, तो असा.

तिला पोहता येत नाही. फुग्याचं शीड वारा नेईल तिकडे जाते. पावसाळ्यात वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहतो, त्यामुळे जुलै ते सप्टेंबर या काळात जुहू, गिरगाव, अलिबाग, काशीद, गोवा अशा सगळ्या किनाऱ्यांवर त्यांचे थवे येऊन पडतात. ऑगस्ट २०१८ मध्ये जुहूवर दीडशेच्या आसपास लोकांना डंख झाल्याच्या बातम्या आल्या होत्या, त्या याच काळातल्या. म्हणून पाण्यात उतरण्याआधी पाण्याकडे पाहून फारसा उपयोग नाही, वाळूकडे पाहा. भरतीचं पाणी जिथवर येऊन गेलं तिथे काडीकचरा, शेवाळ, थर्माकोलचे तुकडे यांची एक ओळ राहते. त्या ओळीने शंभर पावलं चाला. निळे फुगे दिसले, वाळलेले का असेनात, तर त्या दिवशी पाण्यातही ते आहेत असं धरा. भरती किती वाजता होती हे कोकणातल्या कोणत्याही जाणत्याला विचारा, किंवा तिथीची पाऊणपट करा: चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. सकाळी नऊच्या आसपास ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण आखणीला पुरतं.

ओहोटीला एक वेगळीच फसगत होते. अलिबागला लोक ओहोटीत कुलाबा किल्ल्याकडे चालत जातात. वाटेवर घोट्याएवढ्या, कधी गुडघ्याएवढ्या पाण्याची डबकी असतात. लाटा नाहीत, पाणी शांत, मुलं त्यातच खेळायला थांबतात. भरतीबरोबर आलेल्या ब्लू बॉटल ओहोटीत परत जाऊ शकत नाहीत, त्या याच डबक्यांत अडकून राहतात. गढूळ पाण्यात तुटलेला निळा धागा अजिबात दिसत नाही.

ब्लू बॉटलबरोबरच रुपयाच्या नाण्याएवढी, कडेने निळी झालर असलेली एक चकतीही येते. ती पोर्पिटा, म्हणजे ब्लू बटन. तिने फार तर खाज सुटते. कधीकधी निळा-चंदेरी, पंख पसरलेल्या पाकोळीसारखा दिसणारा इंचभराचा जीवही वाळूवर सापडतो. तो ग्लॉकस, समुद्री गोगलगायीचा भाऊबंद. दिसायला इतका सुंदर की मुलं हमखास तळहातावर घेतात. घेऊ देऊ नका. तो ब्लू बॉटल खातो, तिच्या डंखाच्या कुप्या न पचवता स्वतःच्या अंगात साठवतो आणि वेळ आली की वापरतो.

आता या कुप्यांबद्दल थोडं सविस्तर, कारण प्रथमोपचारातलं प्रत्येक ‘करा’ आणि ‘करू नका’ इथून निघतं. धाग्यावर डोळ्यांना न दिसणाऱ्या हजारो कुप्या असतात. प्रत्येक कुपीत गुंडाळी करून ठेवलेली एक पोकळ, काटेरी नळी आणि विष असतं. आतला दाब प्रचंड असतो. याच कुळातल्या हायड्रावर मोजमाप झालं तेव्हा तो सुमारे १५० बार भरला, म्हणजे गाडीच्या टायरच्या साठ-सत्तर पट. स्पर्श झाला आणि त्वचेवरच्या रसायनांची खूण पटली की झाकण उडतं आणि नळी सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापेक्षाही कमी वेळात कातडीत घुसते. मुख्य गोष्ट अशी की या कुपीला मेंदूच्या हुकमाची गरज लागत नाही. प्राणी मेलेला असो, धागा तुटून वेगळा झालेला असो, वाळूवर सुकत पडलेला असो, न फुटलेली कुपी फुटायला तयारच असते. सुकलेला धागा पुन्हा ओला झाला तरी डंखतो.

म्हणजे ‘डंख झाला’ असं आपण म्हणतो तेव्हा पायावर चिकटलेल्या धाग्यातल्या काहीच कुप्या फुटलेल्या असतात, बाकीच्या शिल्लक असतात. पुढची पाच मिनिटं तुम्ही जे कराल त्यावर त्या फुटणार की शांतपणे निघून जाणार हे ठरतं.

मुलगा ओरडला की पहिलं काम त्याला पाण्याबाहेर आणणं. पळवत नाही, उचलून किंवा हात धरून. दुखण्याने दचकून माणूस खोल पाण्यात पडतो आणि नाकातोंडात पाणी जातं, हा धोका डंखापेक्षा मोठा आहे. वाळूवर बसवा आणि हात लावू देऊ नका. मूल पहिल्यांदा चोळतंच, म्हणून दोन्ही हात धरून ठेवायला एक माणूस लागतो.

मग नीट पाहा. घोट्याभोवती निळी, ओली दोऱ्यासारखी रेष चिकटलेली दिसेल. जवळून पाहिलं तर ती सलग नसते, बारीक निळे मणी ओवल्यासारखी असते. खाली कातडीवर तसाच मण्यांच्या माळेसारखा लालभडक वळ उठतो, मध्ये पांढरे फोड, कडेला सूज. हा धागा चिमट्याने उचला. चिमटा नसेल तर बोटांवर प्लास्टिकची पिशवी चढवा, दोन-तीन पदरी केलेली. बोटांच्या पेरांची कातडी जाड असते म्हणून उघड्या बोटांनीही धागा निघतो आणि किरकोळ टोचण्यापलीकडे काही होत नाही, पण नंतर तेच बोट डोळ्याला लागलं तर त्रास वाढतो. एका टोकाला धरून सरळ वर उचला, कातडीवरून ओढत नेऊ नका. एटीएम कार्डाने खरवडायचा सल्ला बराच फिरतो. तो सोडून द्या, कारण खरवडताना पडणारा दाबच उरलेल्या कुप्या फोडतो.

धागे निघाले की समुद्राच्याच पाण्याने धुवा. बाटलीने वरून सोडा, चोळू नका. दोन-तीन लिटर पाणी लागतं. पाणी भरताना लाटेत पुन्हा तुटका धागा येणार नाही एवढं पाहा. रुमालातून गाळून घेतलं तर उत्तम.

आता गरम पाणी. यावर चांगला पुरावा आहे. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सच्या किनाऱ्यावर ब्लू बॉटलने डंखलेल्या ९६ लोकांवर चाचणी झाली, २००६ मध्ये ती प्रसिद्ध झाली. निम्म्यांना ४५ अंश सेल्सियसचं गरम पाणी, निम्म्यांना बर्फ. वीस मिनिटांनी गरम पाण्यातल्या ८७ टक्के लोकांचं दुखणं कमी झालं होतं, बर्फातल्या ३३ टक्क्यांचं. कारण सोपं आहे: विषातले घटक प्रथिनं असतात आणि ती उष्णतेने निकामी होतात.

पण ४५ अंश म्हणजे किती, हे किनाऱ्यावर कसं कळायचं? गणित असं: दोन भाग नुकतंच उकळलेलं पाणी आणि सात भाग नळाचं साधं पाणी. बादलीत आधी साध्या पाण्याचे सात तांबे, मग उकळत्याचे दोन, ढवळा. आपल्याकडचं नळाचं पाणी २८-३० अंशांचं असतं, त्यामुळे मिश्रण ४५च्या आसपास येतं. बंबातलं पाणी उकळलेलं नसतं, म्हणून त्याला हे प्रमाण लागू नाही. ते थेट हाताने जोखा. सकाळी निघताना लिटरभराचा थर्मास उकळत्या पाण्याने भरून गाडीत ठेवला तर नुकत्याच भरलेल्या थर्मासला साडेतीन लिटर साधं पाणी. दोन-तीन तास गेले असतील तर तीन लिटर पुरे.

जोखायचं ते ज्याला डंख झालेला नाही अशा मोठ्या माणसाच्या मनगटाने. डंखलेल्या पायाला तापमानाचा अंदाज येत नाही. तिथे आधीच आग होत असते आणि पाणी पोळतंय की नाही हे मुलाला सांगता येत नाही. ‘चांगलंच गरम आहे, पण हात आत ठेवता येतोय’ इतपत हवं. हात झटकन बाहेर काढावासा वाटला तर ते जास्त आहे. पोळून फोड आलेली मुलं ही जेलीफिशच्या उपचारातली सगळ्यात टाळता येण्यासारखी इजा. पाय वीस मिनिटं आत ठेवा. पाणी कोमट झालं की आधी पाय बाहेर, मग गरम पाणी ओतून ढवळा, पुन्हा मनगटाने पाहा, मग पाय आत. पाठीवर किंवा पोटावर डंख असेल तर हॉटेलातला गिझरचा शॉवर, नाहीतर गरम पाण्यात बुडवून पिळलेला पंचा दर दोन मिनिटांनी बदलत. वीस मिनिटांनी अजून दुखत असेल तर आणखी एकदा करायला हरकत नाही.

इथे चौकस वाचक अडतोच: गोडं पाणी लावू नका असंही सांगतात, मग बादलीतलं पाणी गोडंच ना? बरोबर. साध्या गोड्या पाण्याने क्षारांचं प्रमाण अचानक बदलतं आणि न फुटलेल्या कुप्या फुटू शकतात. म्हणूनच क्रम महत्त्वाचा. आधी धागे काढायचे, मग खाऱ्या पाण्याने धुवायचं, आणि मग गरम पाणी. तोवर कातडीवर शिल्लक कुप्या थोड्याच उरतात, आणि उष्णतेचा फायदा त्या थोड्या नुकसानीपेक्षा कितीतरी मोठा असतो. घाईने थेट किनाऱ्यावरच्या गार नळाखाली पाय धरला तर नुकसान पुरेपूर, फायदा शून्य.

गरम पाणी मिळतच नसेल तर बर्फ. मात्र कोरड्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, वर कापड गुंडाळून. विषावर त्याचा परिणाम होत नाही, दुखणं तात्पुरतं बधिर होतं. मोठ्या माणसाने पॅरासिटामॉल घ्यावी, मुलांना वजनाप्रमाणे डॉक्टरांनी ठरवून दिलेली मात्रा.

लघवीबद्दल एकदाच सांगतो: तिच्यातल्या क्षारांचं प्रमाण माणसागणिक आणि वेळेगणिक बदलतं, बऱ्याचदा ती गोड्या पाण्यासारखीच वागते, आणि लहान मुलाची यात विनाकारण विटंबना होते. लिंबाच्या बाजूने पुरावा नाही. शिवाय अर्धं लिंबू हातात आलं की माणूस ते चोळतोच. ओली वाळू चोळणं सगळ्यात वाईट. धाग्यांवर सॅण्डपेपर फिरवल्यासारखं ते आहे. स्पिरिट, अत्तर, सॅनिटायझर, देशी दारू यांनी कुप्या फुटू शकतात. घट्ट पट्टी बांधू नका. सापाच्या दंशात दाबपट्टीचा सल्ला ऐकलेला असतो म्हणून लोक इथेही बांधतात, पण दाबाने कुप्या रिकाम्या होतात. सापाच्या विषावरचं इंजेक्शनही इथे निरुपयोगी आहे. दवाखान्यात ते मागू नका.

व्हिनेगर ब्लू बॉटलवर लावावं की नाही, यावर जाणकारांत एकमत नाही. ऑस्ट्रेलियातले प्रथमोपचाराचे नियम ‘नको’ म्हणतात, तर हवाईतल्या संशोधकांनी २०१७ मध्ये केलेल्या प्रयोगांत व्हिनेगरने धुणं फायद्याचं ठरलं. माझं मत असं की आपल्या किनाऱ्यावर ब्लू बॉटल ओळखू येत असेल तर व्हिनेगरच्या मागे न लागता गरम पाणी मिळवायला धावावं. दुखणं त्यानेच थांबणार आहे.

एका बाबतीत मात्र आपल्याकडेही व्हिनेगर आधी. चौकोनी घुमटाच्या बॉक्स जेलीफिश भारतीय समुद्रातही आढळतात. निळा फुगा कुठेच दिसत नाही, वळ एका रेषेचा नसून रुंद, अनेक पट्ट्यांचा आहे, त्यावर शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या खुणा आहेत आणि कातडीला रंगहीन चिकट धागे लागलेत, असं दिसलं तर ब्लू बॉटलचा हिशेब सोडा आणि पुढचा भाग लागू करा.

को समुई, को फांगान, को ताओ या बेटांच्या परिसरात बॉक्स जेलीफिशने पर्यटकांचे मृत्यू झालेले आहेत. २०१७ मध्ये थायलंडच्या आखातातून किरोनेक्स या सगळ्यात विषारी गटातली एक वेगळी जात शास्त्रीयदृष्ट्या नोंदवली गेली. तिची ऑस्ट्रेलियातली बहीण किरोनेक्स फ्लेकेरी: घुमट ३० सेंटिमीटरपर्यंत, चार कोपऱ्यांवर प्रत्येकी १५पर्यंत धागे, ताणल्यावर तीन-तीन मीटर लांब. पाण्यात ती जवळजवळ अदृश्य असते. ब्लू बॉटलसारखी ती वाऱ्यावर अवलंबून नाही, स्वतः पोहते आणि तिला डोळेही असतात. विष थेट हृदयावर जातं. धाग्यांचा बराच भाग अंगाला लागला तर दोन ते पाच मिनिटांत हृदय थांबू शकतं. हॉस्पिटल गाठायला एवढा वेळ पुरत नाही, म्हणून जे करायचं ते वाळूवरच.

माणूस शुद्धीत असेल तर बाहेर काढून त्याला हलू न देता डंखाच्या सगळ्या भागावर व्हिनेगर ओता, किमान ३० सेकंद, हात आखडता न घेता. ४ ते ६ टक्के ॲसिटिक ॲसिडचं साधं पांढरं व्हिनेगर, आपण चायनीजला वापरतो तेच. पाणी मिसळू नका. व्हिनेगरने दुखणं थांबत नाही, अंगात गेलेलं विष उतरत नाही. न फुटलेल्या कुप्या बंद पडतात, एवढंच त्याचं काम. पण अंगावर दोन मीटर धागा चिकटलेला असताना तेवढंच जीव वाचवणारं ठरू शकतं. त्यानंतर धागे उचलायचे. व्हिनेगरआधी हात लावायचा नाही.

माणूस कोसळला, श्वास थांबला, प्रतिसाद नाही, तर व्हिनेगर दुसऱ्याच्या हाती द्या आणि तुम्ही छातीवर दाब सुरू करा: छातीच्या मधोमध, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२०, दर ३० दाबांनंतर दोन श्वास. लहान मुलात छातीच्या एक तृतीयांश खोलीपर्यंत. मदत येईपर्यंत थांबू नका. या विषाचा हृदयावरचा घाला ओसरू शकतो, त्यामुळे दाब देत राहून माणूस परत आल्याची उदाहरणं आहेत. थायलंडमध्ये रुग्णवाहिकेचा क्रमांक १६६९, ऑस्ट्रेलियात ०००, आपल्याकडे १०८ किंवा ११२. बाहेर जाताना हे फोनमध्ये साठवण्याबरोबर कागदावरही लिहून ठेवा, कारण ओला फोन ऐन वेळी उघडत नाही.

थायलंडमध्ये अनेक किनाऱ्यांवर खांबाला व्हिनेगरच्या बाटल्या टांगलेल्या असतात. किनाऱ्यावर पोचल्यावर आधी तो खांब शोधा आणि बाटली भरलेली आहे का पाहा. रिकामी सापडणं अजिबात दुर्मीळ नाही. म्हणून आपली ६००-७०० मिलीची बाटली जवळच ठेवा. विमानात न्यायची गरज नाही, तिथल्या कोणत्याही किराणा दुकानात मिळते. ‘डिसेंबरात नसतात’ अशा आश्वासनावर तिथे विसंबू नका. जाळी लावलेला भाग असेल तर मुलांना त्यातच पोहू द्या, तिन्हीसांजेला आणि रात्री पाण्यात उतरू नका, आणि अंग झाका.

मेलबर्न-सिडनीहून उत्तरेला केर्न्सकडे सुट्टीवर जाणाऱ्या आपल्या लोकांसाठी: तिथला मोसम साधारण नोव्हेंबर ते मे. जाळ्यांमुळे मोठी किरोनेक्स अडते, पण इरुकांजी ही चिमुकली बॉक्स जेलीफिश आत येते. तिचा घुमट जेमतेम सेंटिमीटरभर. डंख मुंगी चावल्यासारखा, वळही धड दिसत नाही, आणि वीस-चाळीस मिनिटांनी कंबर आणि पोटात असह्य पेटके, घाम, ओकाऱ्या, रक्तदाब वाढलेला आणि ‘मी आता मरणार’ अशी ठाम भावना. या लक्षणांमागे नेमका कोणता जीव आहे हे शोधताना जॅक बार्न्स या डॉक्टरांनी १९६१ मध्ये स्वतःला, आपल्या लहान मुलाला आणि एका जीवरक्षकाला तो लावून पाहिला आणि तिघेही हॉस्पिटलात पोचले. तिच्या शास्त्रीय नावात (कारुकिया बार्न्सी) बार्न्सी आहे ते त्यांच्यावरून. तेव्हा अशा पाण्यात ‘काहीतरी चावलं, पण फार दुखत नाही’ असं कोणी म्हणालं तर व्हिनेगर लावा आणि तासभर त्याला पाण्याबाहेर, डोळ्यांसमोर बसवा.

अंग झाकण्याचा उपाय दिसतो त्यापेक्षा जास्त परिणामकारक आहे. कुपीतली नळी मिलिमीटरच्याही अंशाएवढी लांब, आणि कुपी फुटायला त्वचेची रासायनिक खूण हवी. मध्ये लायक्राचा एक घट्ट पदर आला की दोन्ही गोष्टी बिघडतात. ऑस्ट्रेलियातले जीवरक्षक पूर्वी चक्क बायकांचे पातळ लांब मोजे हातापायांवर चढवून पाण्यात उतरत, तेही याच कारणाने. मुलांसाठी पूर्ण बाह्यांचा, घोट्यापर्यंतचा पोहण्याचा सूट घ्या आणि पायात बंद बूट. ढगळ टी-शर्ट मात्र उलटा त्रास देतो: धागे आणि जेलीफिशची अतिसूक्ष्म पिल्लं आत शिरतात, बाहेर जात नाहीत. बाहेर आल्यावर आधी खाऱ्या पाण्याने अंग खळबळवा, कपडे काढा, मग गोड्या पाण्याचा शॉवर. कपड्यांसकट शॉवरखाली गेलं की आत अडकलेलं सगळं एकदम फुटतं आणि नेमकं पोहण्याच्या कपड्याच्या आकाराचं पुरळ उठतं. ते कपडे साबणाने धुऊन कडक वाळवा.

लांब पल्ल्याच्या पोहणाऱ्यांना ही सोय नसते, कारण खाडी पोहण्याच्या नियमांत साधाच पोशाख चालतो. पुण्याच्या रोहन मोरे यांनी फेब्रुवारी २०१८ मध्ये सातवी सामुद्रधुनी पोहून सात सामुद्रधुन्यांचं जे ‘ओशन्स सेव्हन’ आव्हान पूर्ण केलं, त्यातली आयर्लंड-स्कॉटलंडमधली नॉर्थ चॅनल तर लायन्स मेन या मोठ्या जेलीफिशसाठीच ओळखली जाते. अशा पोहण्यात सोबतच्या बोटीवरच्या माणसाचं काम फक्त खाणंपिणं देण्याचं नसतं. डंखांनंतर श्वास घरघरतोय का, हाताचे फटके विस्कटले का, बोलणं अडखळतंय का, हे त्याने दर वेळी पाहायचं आणि शंका आली तर बाहेर काढायचं.

नागावच्या बाबतीत आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे. गणपतीच्या दिवसांत मुलांना पोहायला उतरवू नका, आणि त्याचं मुख्य कारण जेलीफिश नाही. पावसाळा सरेपर्यंत समुद्र खवळलेला असतो, वाळूचा तळ बदललेला असतो, आणि लाटांचं पाणी एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोरात समुद्राकडे परत जातं. त्या पट्ट्यात लाटा फुटत नाहीत, म्हणून तो भाग शांत आणि सुरक्षित वाटतो. कोकणात बुडून जाणारे अनेकजण अशाच ओढीत सापडतात. सापडलात तर किनाऱ्याकडे सरळ पोहू नका. किनाऱ्याला समांतर, बाजूला जा, दमलात तर तरंगत राहून हात वर करा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ही ओढ जास्त, भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीच्या दिवसांत कमी. नडगीएवढ्या पाण्यात, पायात बूट, मोठं माणूस हाताच्या अंतरावर, एवढं पुरे. पोहायचं असेल तर नोव्हेंबरनंतर या, आणि जीवरक्षक असलेल्या किनाऱ्यावरच.

विसर्जनाला घरच्या पुरुषांपैकी कोणी पाण्यात उतरणार असेल तर गमबूट घालूनच, आणि पाय उचलून टाकण्याऐवजी तळाला घासत सरकवत. कारण तळाशी वाळूत पाकट (स्टिंग रे हा चपटा मासा) बसलेला असतो. घासत आलेला पाय लागला की तो निघून जातो, वरून पडलेल्या पायाला शेपटीचा काटा मारतो. मुंबई महापालिका विसर्जनाआधी पाकट आणि ब्लू बॉटल या दोघांबद्दल सूचना देते. दोन्हींतला फरक सोपा: जेलीफिशच्या डंखात रेघ असते आणि रक्त येत नाही, पाकटाची एकच खोल जखम असते आणि ती वाहते. गरम पाणी पाकटालाही लागू पडतं, तसंच सहन होईल इतपत, अर्धा ते दीड तास. पण जखमेत काट्याचा तुकडा राहिलेला असू शकतो, म्हणून डॉक्टरांकडे जाऊन जखम तपासून घ्या आणि धनुर्वाताचं इंजेक्शन विचारा. छाती-पोटात काटा रुतला असेल तर तो काढू नका, तसंच दवाखान्यात न्या.

ब्लू बॉटलच्या डंखानंतर दवाखाना कधी? श्वासाला त्रास, छातीत दुखणं, अंगभर गांधी, ओठ किंवा जीभ सुजणं, वारंवार ओकारी, गुंगी, यातलं काहीही दिसलं तर लगेच. डंख चेहऱ्यावर, मानेवर किंवा तोंडात असेल, एका हाता-पायाच्या निम्म्याहून जास्त भागावर असेल, किंवा मूल फारच लहान असेल तर लक्षणांची वाट न पाहता. डोळ्यात गेलं असेल तर पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्याने डोळा धुवत राहा, व्हिनेगर डोळ्यात कधीही नाही, आणि नेत्रतज्ज्ञाकडे जा. मोठ्या माणसाला हृदयविकार असेल तर किरकोळ डंखानंतरही ईसीजी काढून घेतलेला बरा. काखेत किंवा जांघेत गाठ आल्यासारखं दुखलं तर घाबरू नका. डंख झालेल्या पायाच्या बाजूला असं होतं आणि काही तासांत ओसरतं.

बहुतेकांचं तीव्र दुखणं एक-दोन तासांत उतरतं. दुसऱ्या दिवसापासून खाज सुरू होते. त्यासाठी सेटिरिझिनसारखी ॲलर्जीची गोळी आणि सौम्य स्टेरॉइडचं मलम डॉक्टरांना विचारून. फोड फोडू नका, पावसाळी ओलाव्यात ते लगेच चिघळतात. वळाचा डाग काही आठवडे राहतो, तोवर त्यावर ऊन लागू देऊ नका, नाहीतर तो काळा पडतो. आणि आठ-पंधरा दिवसांनी, सगळं बरं झाल्यावर, त्याच रेघेवर पुन्हा लाल खाजरं पुरळ उठलं तर नवीन काही झालेलं नसतं. शरीराची ती उशिराची ॲलर्जी असते. त्वचारोगतज्ज्ञाला दाखवताना ‘समुद्रात डंख झाला होता’ हे आठवणीने सांगा, नाहीतर नागीण समजून भलतंच औषध सुरू होतं.